भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये नवी मुलगी आली की तिला मॅडम नंतर दिसायच्या. आधी ऐकू यायच्या. हॉल मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्याही पलीकडे. पण "पाय हलव, पाय! मुळं फुटलीत का?" हे वाक्य ग्रंथालयात अभ्यासाला बसणाऱ्यांनाही पाठ होतं. ग्रंथपाल उठून खिडक्या लावून घ्यायचे आणि खिडक्या लावता लावता म्हणायचे, "आज पोरींचं काही खरं दिसत नाही."

कॉलेजात त्यांना 'भोंगा' म्हणत. आपण हे पाठीमागे म्हणतो, अशी मुलींची समजूत होती. मॅडमना पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा आवाज त्यांनी कमावलेला नव्हता. घरातच सापडला होता. वडील मागाच्या कारखान्यात विणकर. दिवसभर मागांचा खडखडाट. त्या खडखडाटाने बाबांचे दोन्ही कान हळूहळू काढून घेतले. भाजीत मीठ कमी पडलंय, हेही घरात ओरडून सांगावं लागे. आई म्हणायची, "आपल्या घरात गुपित ठेवायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला विश्वासात घ्यावं लागतं!" दुपारचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिलेली ही चिमुरडी "बाबाऽऽ!" अशी हाक मारायची की आतले सगळे बाप माना वळवायचे. जो हवा तो सगळ्यांत शेवटी, शेजारच्याने कोपर मारल्यावर.

कारखान्याच्या आत मात्र हाकेचा उपयोग नव्हता. तिथे हात बोलायचे. धागा तुटला, मुकादम येतोय, चहा आला, तुझी पोरगी आलीय, प्रत्येकाची खूण ठरलेली. बाबा त्या खुणा घरी घेऊन आले आणि लेकीने त्या खेळ म्हणून उचलल्या. बोबडं बोलायच्या वयात तिला दोन भाषा येत होत्या. एक घसा फोडून बोलायची, जगासाठी. दुसरी हातांची, बाबांसाठी.

खेळाडू म्हणून ती बरी होती. फार नाही, बरी. ऐन उमेदीत उडी मारून खाली येताना गुडघा गेला. आता आपण संपलो, म्हणून कोर्टाच्या कडेला रडत बसली, तेव्हा तिचे खेळाचे सर शेजारी येऊन टेकले.

"गुडघा गेला?"

"हो सर."

"घसा आहे ना जागेवर?"

"आहे, सर."

"मग रडतेस काय? ऊठ, कडेला उभी राहा आणि त्या मागच्या पोरीला सांग, वाक म्हणावं."

ती उभी राहिली. ओरडली. मागची पोर वाकली आणि चेंडू वर आला. बस्, पुढचं सगळं आयुष्य त्या एका चेंडूतून आलं. सर आता नाहीत. पण हॉलचं दार उघडताना मॅडम रोज त्यांना मनातल्या मनात नमस्कार करायच्या. नोकरी कायमची कधीच झाली नाही, दर वर्षी नवी नेमणूक. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही. चेंडूचा आवाज होतो अशा खोलीत जायचे आपल्याला पैसे मिळतात, याचंच त्यांना नवल वाटायचं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा साधी होती. चेंडू पलीकडून निघाला की तो कुठे पडणार, हे त्यांना आधी कळायचं. मग कडेवरून आवाज जायचा, "टाचणी, तुझा! जिराफ, तू सोड!" जिचं नाव आलं तिने घ्यायचा, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. टाचणी म्हणजे टीमची लिफ्टर, चेंडू उचलून दुसरीला मारायला लावून देणारी. अंगाने काडी, जिभेने टोकदार आणि बुटाची लेस कायम सुटलेली. जिराफ म्हणजे ताडमाड अटॅकर, जिचा फटका पलीकडच्यांच्या छातीत धडकी भरवायचा आणि जिचा आवाज उंदराला शोभला असता. दुसऱ्या कॉलेजची पोरं या टीमला 'रिमोटवाल्या' म्हणत. चिडवू देत! एकदा तर एका वयस्कर पंचांनी मुद्दाम थांबून सांगितलं होतं, "मॅडम, काय शिस्त आहे हो तुमच्या मुलींना! कोर्टात एक शब्द बोलत नाहीत." ते वाक्य मॅडम कितीतरी दिवस गोळीसारखं चघळत होत्या.

आणि मग आंतरकॉलेज स्पर्धा तोंडावर आलेली असताना घसा बसला. आधी खरखर, मग चिरका, मग एके सकाळी "पाय हलव" म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा.

घशाच्या डॉक्टर म्हणजे त्यांचीच एक जुनी खेळाडू. खेळाडू म्हणजे, कॉलेजची सगळी वर्षं राखीव बाकावर काढलेली. तिने नळी घालून बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, स्वरतंतूंवर गाठी आहेत. घाबरण्यासारख्या नाहीत, पण काढाव्या लागतील. स्पर्धा झाली की ऑपरेशन करू. तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही, तिनेही ताण पडतो."

मॅडमनी तोंड उघडलं.

"मिटा!" डॉक्टर खेकसली आणि स्वतःच दचकली. "सॉरी, मॅडम. पण हे तुम्हाला म्हणता यावं म्हणूनच मी डॉक्टर झाले की काय, असं आत्ता वाटून गेलं."

मॅडम हसल्या. आवाज न करता. मग फोनवर टाइप करून तिच्यापुढे धरलं, 'ऑपरेशननंतर येईल ना?'

डॉक्टरचं हसू उतरलं. "येईल. कसा येईल ते सांगत नाही. हॉल भरून टाकणारा... तसा कदाचित नाही."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तक्रार यायच्या आधीच तिला घाबरणारा होता, इतकंच.

"गैरसमज नको, मॅडम. पण न बोलणारा कोच म्हणजे... तुम्हीच विचार करा. ही स्पर्धा होऊ द्या. पुढच्या वर्षासाठी एक तरुण मुलगा विचारून गेलाय. आणि तुम्हाला काही आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही! खेळाच्या सामानाची खोली आहे, तिथे कुणीतरी जबाबदार हवंच."

मॅडम खाली जाऊन ती खोली बघून आल्या. फाटक्या नेट, मोडकी स्टँडं आणि कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, एकमेकांवर रेललेले. आणखी एक हवा गेलेली वस्तू सहज मावेल एवढी जागा होती. खोलीचं काही नाही. पण कोर्टाच्या कडेला आपण नाही, ही कल्पनाच त्यांना करता येईना.

मग सुरू झाली धडपड. पहिल्यांदा शिट्टी. शिट्टीने 'थांबा' सांगता येतं, 'कुणाचा' हे सांगता येत नाही. एका शिट्टीसरशी सहाही जणी जागच्या जागी पुतळे झाल्या आणि चेंडू त्यांच्यामधून निवांत घरंगळत गेला. मग बाबांच्या खुणा. एक बोट म्हणजे टाचणी, उंच हात म्हणजे जिराफ. जिराफ बिचारी मान वळवून हात बघत राहिली आणि चेंडू तिच्या नाकावर बसला.

"मॅडम, मी डबिंग करते!" टाचणीने डोकं चालवलं. "तुम्ही नुसते ओठ हलवा, मी मोठ्याने म्हणते. पिक्चरमध्ये करतात तसं."

"आणि तू खेळणार कधी?" जिराफने नाकावर रुमाल धरून विचारलं.

"मधल्या वेळात!"

डबिंग ऐकू येईपर्यंत चेंडू जमिनीवर आलेला असायचा. "'जिराफ, तुझा!'" टाचणी ओरडायची आणि जिराफ शांतपणे म्हणायची, "होता."

त्या आठवड्यात शेजारच्या कॉलेजची टीम सरावाला आली. पलीकडून चेंडू आला तो टाचणी आणि जिराफच्या बरोब्बर मध्ये. अवघड नव्हता. लहान पोरानेही झेलला असता. दोघी जागेवर उभ्या राहिल्या, दोघींनी माना वळवल्या आणि दोघींचे डोळे मॅडमच्या तोंडावर येऊन थांबले. वाट बघत. चेंडू त्यांच्यामध्ये धप्पकन पडला आणि तरीही दोघी मॅडमकडेच बघत होत्या.

पलीकडच्या टीममधली एक फिसकन हसून म्हणाली, "रिमोटची बॅटरी गेली वाटतं गं!"

मॅडमच्या कानात मात्र दुसराच आवाज घुमत होता, त्या वयस्कर पंचांचा. एक शब्द बोलत नाहीत. काय शिस्त!

घरी गेल्या तेव्हा बाबा खिडकीशी मटार सोलत बसले होते. आई गेल्यापासून घरात दोघंच. लेकीची बोलती बंद झाल्यापासून म्हातारा खुशीत होता, कारण आता घरात फक्त त्याचीच भाषा चालायची.

"आलीस का माझ्या मुलखात!" ते नेहमीसारखे ओरडले. ऐकू न येणारी माणसं ओरडतात तसं, प्रेमाने, खिडक्या हादरवत. "काय झालं? तोंड का असं?"

मॅडमनी हातांनी सांगितलं. मध्ये पडलेला चेंडू. माझ्याकडे बघत होत्या. पंच म्हणाले होते, शिस्त.

बाबांनी शेंग खाली ठेवली. "शिस्त? आमच्या शेडमध्ये जो गप्प बसेल त्याच्या शेजाऱ्याचं बोट जायचं! धागा तुटला की आधी शेजाऱ्याला खूण. मुकादम काय, तो आपला फिरत असतो लांब कुठेतरी. त्याच्याकडे कोण बघतंय?" मग जरा थांबून, त्यांच्या मानाने हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या, म्हणाले, "मी तुझ्या हाका नाही ऐकल्या गं कधी. शेजारचा कोपर मारायचा, म्हणून कळायचं पोरगी आलीय. त्याचे उपकार आहेत माझ्यावर."

मॅडमनी उरलेल्या शेंगा आपल्यापुढे ओढल्या आणि सोलायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमधली एक लोखंडी खुर्ची उचलली, कोर्टाच्या कडेला आणली आणि तोंड भिंतीकडे करून तिच्यावर बसल्या. पाठ मुलींकडे. समोर नुसती भिंत, पोपडे आलेली, चेंडूंच्या डागांची.

मागे कुजबुज झाली.

"रागावल्या का?"

"तुझ्या लेसवर असतील रागावल्या!"

"मॅडम, आम्ही काय करायचं?"

मॅडमनी मान न वळवता हात वर केला आणि गोल फिरवला. खेळा.

सर्व्हिसचा फटका. बुटांची चरचर. मग धप्प. परत फटका, चरचर, धप्प. पडणाऱ्या प्रत्येक चेंडूसरशी मॅडमची बोटं खुर्चीच्या कडा आवळायची. वळून बघावं, हात करावा, निदान पाय आपटावा! त्यांनी भिंतीवरचा एक डाग धरला आणि त्याच्यावरून नजर हलू दिली नाही. धप्प. धप्प.

आणि मग पाठीमागून, अगदी बारीक, परवानगी मागितल्यासारखा एक आवाज आला, "माझा...?"

त्यानंतर धप्प नव्हतं. चेंडू हातावर बसल्याचा तो भरीव, गोल आवाज होता.

मॅडमनी तसंच, पाठमोऱ्या बसूनच, अंगठा वर केला.

"जिराफ बोलली!" टाचणी किंचाळली. "अगं जिराफला आवाज आहे!"

"आहे, पण घरी हळू बोल म्हणतात ना," जिराफ पुटपुटली. "सवयच गेली."

"मग इथे काढ! इथे कोण झोपलंय?"

पुढचे दिवस मॅडमनी त्या भिंतीसमोर काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली टीम ऐकली. इतकी वर्षं त्यांच्या कानांत त्यांचाच आवाज भरलेला होता. त्या आवाजाखाली एवढं सगळं आहे हे कळणार कसं? टाचणी चेंडू लावताना श्वास रोखते. कोपऱ्यातली नवी पोर चुकली की 'चक्' करते आणि मग तिचा पुढचा चेंडूही जातो. जिराफचा 'माझा' रोज थोडा जाड होत चालला होता. भांडणंही झाली. "माझा म्हटलं होतं मी!" "म्हटलं होतंस? मुंगीला सांगितलंस का?" मॅडम भिंतीकडे बघत गालातल्या गालात हसायच्या.

एका सकाळी हॉलचं दार धाडकन उघडलं. प्राचार्य, धापा टाकत.

"मॅडम! अभिनंदन! आला ना आवाज? अहो, माझ्या केबिनपर्यंत ऐकू येतंय, पूर्वीसारखं! मी तर चहा..."

ते थांबले. मॅडम भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. मागे सहा मुली घसा फोडून एकमेकींवर ओरडत होत्या. प्राचार्यांनी एकदा मुलींकडे बघितलं, एकदा मॅडमच्या पाठीकडे, एकदा भिंतीकडे.

"हे... हे काय चाललंय?"

"सराव, सर!" टाचणी म्हणाली. "माझा! सर, बाजूला व्हा!"

चेंडू प्राचार्यांच्या कानाजवळून गेला. ते आले तसे निघून गेले.

उपांत्य सामना नेमका त्या 'बॅटरी गेली'वाल्या टीमशी लागला. मॅडमना बाकावर समोरच बसावं लागलं. सामन्यात भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या कोचला पंचांनी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. फक्त एकदा बाहेर काढला, टाचणीच्या बुटाकडे बोट दाखवायला.

प्रेक्षकांत बाबा आले होते आणि प्राचार्य त्यांच्या शेजारी सापडले होते.

"आजोबा, तुमच्या मॅडम काहीच करत नाहीयेत!" प्राचार्य हवालदिल होऊन म्हणाले.

"काय?"

"काही करत नाहीयेत म्हटलं!"

"हो, हो," बाबांनी कौतुकाने मान हलवली. "लहानपणापासून तशीच हुशार."

सामना शेवटच्या सेटपर्यंत ताणला गेला. गुण बरोबरीत आणि पलीकडच्या पोरींनी चेंडू मुद्दाम तिथेच टाकला, टाचणी आणि जिराफच्या मध्ये. त्यांना आठवत होतं. मॅडमचे ओठ आपोआप उघडले. आवाज असता तर त्या ओरडल्याच असत्या.

कुणीच वळून बघितलं नाही. एकीनेही नाही. दोघींच्याही नजरा चेंडूवर होत्या.

"माझाऽऽ!" जिराफ गरजली. अंगावर काटा यावा असा आवाज, फाटकाशी उभं राहून बापाला मारलेल्या हाकेसारखा. टाचणी बाजूला झाली, जिराफने चेंडू वर काढला, टाचणीने धावत खाली जाऊन तो उचलला, "घे!" म्हणाली आणि जिराफने तो पलीकडच्या जमिनीत गाडला.

हॉल डोक्यावर घेतला गेला. मॅडम बाकावर बसूनच राहिल्या. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. एवढ्या गर्दीत त्यांना बाबा दिसले. बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण कळलं होतं सगळं. त्यांनी दोन्ही हात वर करून कारखान्यातली एक जुनी खूण केली, ताणा पुरा उतरून कापड सलग निघालं की विणकर एकमेकांना करायचे ती.

अंतिम सामना हरल्या. पलीकडची टीम चांगलीच होती, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळ्या रडल्या आणि प्राचार्यांनी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं कारण सांगितलं. जाता जाता ते मॅडमजवळ रेंगाळले.

"तो तरुण मुलगा, मॅडम... पुढच्या वर्षीचा. त्याला मी तुमच्या हाताखाली घेतो म्हणतो. मदतनीस म्हणून. म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

मॅडमनी भुवया उंचावल्या.

"तुमची नेमणूक आहेच हो," प्राचार्य घाईने म्हणाले. "त्याला एवढंच शिकवा, गप्प कसं बसायचं."

ऑपरेशन झालं. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी दवाखान्याच्या छोट्या खोलीत सगळी टीम कोंबली गेली होती. बाबा खाटेच्या पायथ्याशी. पहिला शब्द कोणता असेल यावर पैजा लागल्या होत्या. जिराफ म्हणत होती, 'बाबा'. डॉक्टर म्हणत होती, 'थँक्यू', कारण ते तिला ऐकायचं होतं. कोपऱ्यातली नवी पोर छातीवर हात ठेवून म्हणाली होती, "आपल्या सगळ्यांसाठी काहीतरी मोठं बोलतील बघा."

"हं, मॅडम," डॉक्टर म्हणाली. "हळू. जोर लावायचा नाही. बोला."

मॅडमनी एकेकीकडे बघितलं. बाबांकडे बघून हातांनी एक छोटीशी खूण केली, ती फक्त त्या दोघांना कळली. बाबा नाक शिंकरू लागले. मग मॅडमची नजर खाली गेली आणि जुन्या लाकडी दारासारखा एक जाड, खरखरीत, नवाच आवाज खोलीत आला. हॉल सोडाच, शेजारची खोलीही त्याने भरली नसती.

"टाचणी," मॅडम म्हणाल्या, "लेस."

टाचणी वाकली आणि रडत रडत लेस बांधू लागली. गाठ काही तिला बसेना.